टाकीचे तिरपे दांडे

बाबा, कानावर पेन्सिल खोचून घरभर पेन्सिल शोधणारे तुम्ही; मला विसरला नसाल कशावरून? मी तुमची थोरली. बोलतेय मी, लिहितेय माझी नात. तुमच्यासारखंच मलाही अक्षर आलं नाही.

कापसाच्या जिनिंगात तुम्ही पाण्याची टाकी उभारली ते दिवस आठवतात. चार सागवानी खांब, वर लोखंडी टाकी, आणि चारही बाजूंनी खांबांना बोल्टांनी कसलेले तिरपे दांडे. एवढं लाकूड काऊन, म्हणून शेठ कुरकुरायचा. पण तरुणपणी तुम्ही कुठंतरी भुई हालताना पाहिली होती, ते मनातून जात नव्हतं. मी विहिरीवरून येतेय, डोक्यावर भरली घागर, आणि तुम्ही मागून कमरेला हळूच धक्का देता. मी पाय फाकवून सावरते, अर्धी भिजते, चिडते. तुम्ही हसता. "आता समजलं? टाकीले पाय फाकवता येत नाही. ते काम दांडे करून राह्यले." बोल्टांचा पाना कुठं ठेवला हे तुमच्या ध्यानात राहत नसे, म्हणून मला सांगून ठेवायचात. कणगीच्या मागे.

कापसाचा हंगाम आला. टाकीखालून वाट जवळची, पण दांड्यांमुळे गाड्यांना वळसा पडायचा. तुम्ही सागवान निवडायला जंगलात गेला होता. तुमचे जावई तेव्हा तिथंच गाडी हाकायचे. नवं लग्न, ते दोन शब्द गोड बोलले की मी चुलीतला निखाराही हातानं काढून दिला असता. त्यांनी पाना मागितला, मी दिला. समोरासमोरच्या दोन बाजूंचे दांडे निघाले. संध्याकाळी परत लावू, म्हणाले. संध्याकाळ रोज यायची, गाड्याही रोज यायच्या.

मग एका दुपारी भुई हालली. भांडी वाजली, थांबली. गावातली घरं उभीच राहिली, तुमची टाकी तेवढी कलली आणि भरल्या पाण्यासकट खाली बसली. माणसं वाचली. काढलेले दांडे जावयांनी त्या ढिगात टाकून दिले. शेठच्या मुनशीनं उर्दूत कागद केला, मिस्त्रीचं काम कच्चं. तुम्ही येऊन अंगठा उठवला. मोडके खांब चाचपत मला म्हणालात, "माहा अंदाजच चुकला, पोरी."

जावई मागून पुटपुटले, "गप राह्य, मले कामावरून काढतीन." मी गप राहिले. पुढं टाकीचं काम तुम्हाला कोणी दिलं नाही, तुम्ही मागितलंही नाही. चौकटी केल्या, पाट केले. दोन पावसाळे काढले आणि गेलात.

अंदाज चुकला नव्हता, बाबा. दांडे काढले होते, आणि पाना मी दिला होता.

जावईही आता तिकडंच आलेत. त्यांना बोलू नका; ते पाना मागून मोकळे झाले, कणगीमागे हात माझा गेला. नात विचारते, आजी, हे डाकेत टाकू का? नको म्हटलं. तुम्ही कुणाकडून तरी वाचून घ्याल, याचीच भीती वाटते.

पोरी, पुरे झालं लिहिणं, ठेव आता कागद. जिनिंगात नवी टाकी उभी राहतेय, तिथल्या सुतारांना ज्वारीच्या भाकरी पाठव. अंबाडीची भाजी, वर लसणाचं तेल. ऊन चढायच्या आत पाठव, आणि पोटभर पाठव. दांडे कसायचे सोडून कोणी घरी जेवायला जाऊ नये.