भेंडाच्या दोन गोळ्या

४ डिसेंबर १९७६
शाळेतून पेन्शनीत निघालो आणि घर खायला उठलंय. आज वारणानगरहून लेकीचा निरोप. सुमी तिकडं शाळेत विज्ञान शिकवते. "आबा, शाहूपुरीतलं बिऱ्हाड गुंडाळा आन् हिकडं या." जावई गरीब गाय. अडचण आम्हा बाप-लेकीची. दोघंही तापट, एका खोलीत बसलो की तडतड सुरू!

७ डिसें.
ट्रंक उघडली. प्रयोगाचं जुनं सामान. काचेची कांडी, घासायला रेशमाचा तुकडा, दोऱ्यांना टांगलेल्या भेंडाच्या, म्हणजे झाडाच्या हलक्या गाभ्याच्या, दोन गोळ्या. रेशीम म्हणजे बायकोच्या, मंगलच्या, लग्नातल्या शालूचा पदर. कापला तेव्हा काय तोंड सोडलं होतं तिनं! "शाळंला माझाच शालू घावला व्हय?" आता शालूही नाही, तीही नाही. फार आठवण येते.

सुमी तेव्हा आठ वर्षांची. कांडी घासून गोळ्यांना लावली, तशा दोघी टुणकन् लांब. "आबा, भांडल्या का ह्या?" म्हटलं, सारखाच विजेचा भार दोघींवर, म्हणून ढकलतात. अंतर निम्मं केलंस तर जोर चौपट. तिनं बोट पुढं केलं, मी खेकसलो, "हात लावू नगंस! भार जातोय!" मग पोर लांबूनच बघायची.

९ डिसें.
नियम तो नियम. लांब आहोत तोवर बरं चाललंय. जवळ गेलो की चौपट. जायचं नाही. ठरलं.

१२ डिसें.
सुमी आली. येत नाही म्हटलं, झालं! चहा गार व्हायच्या आत जुंपली.
"तुमी लई हट्टी हायसा!"
"मग तू कुणावर गेलीस?"
उठली. ट्रंकेतलं सामान काढून कांडी घासली. हवा कोरडी, गोळ्या झकास फाकल्या.
"आबा, आता लावा हात. दोन्हींना."
"भार जाईल की."
"जाऊ दे की!"
लावला. दोघी येऊन एकमेकींना टेकल्या. सुमी रडायलाच लागली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. किती वर्षांनी ठेवला, देव जाणे. मलाही आवरलं नाही.

१३ डिसें.
ट्रंक उघडीच आहे. गोळ्या नाहीत. न विचारता घेऊन गेली, चोरटी कुठली! कांडी आणि रेशीम मात्र इथंच ठेवलंय. म्हणजे आता प्रयोग करायचा तर कांडी घेऊन वारणानगरला...