सोड्यात बुडालेला एप्रन

आटगाव,
ता. ६ नोव्हेंबर २०२४

चि. निशिगंधा हिस राघोमामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतेस, म्हणून हे पत्र जीवनच्या टेंपोने मुरबाडला धाडतो. भाऊबीजेला आलीस आणि मळक्या कपड्यांची पिशवी इथेच विसरलीस. तुझ्या मामीने सगळे धुतले. त्यात एक हिरवा एप्रन होता. त्याला शेवाळ धरलेय असे ठरवून तिने तो दुपारभर धुण्याच्या सोड्यात भिजवला. आता शेवाळ नाही, एप्रन मात्र घननीळ झाला आहे. मी काही बोललो तर म्हणते, कापड हाय का नाटक, माझ्या हातून आजवर कशाचा रंग गेला नाय.

वीज वाहणारे प्लास्टिक तू करतेस, ते हेच तर नव्हे? शब्दरूपे शिकवणाऱ्याची गती इथे खुंटते. कृपा असू दे, निदान माझ्यावर.

राघोमामा

मुरबाड,
ता. ७ नोव्हेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

तेच. मळक्या कपड्यांत मीच कोंबला, त्यामुळे ओरडायलाही तोंड नाही. चार वर्षांच्या कामातला तो एकुलता एक पूर्ण एप्रन. कामगाराच्या अंगावर साठलेली वीज ठिणगी न होता जमिनीत उतरावी म्हणून तो घालायचा. सोमवारी गिऱ्हाईक बघायला येणार. नापसंत झाला तर माझा विभाग बंद आणि माझी बदली रंगाचे डबे भरण्यावर.

त्या प्लास्टिकमध्ये आम्ल असते तोवर ते हिरवे राहते आणि वीज वाहते. सोड्याने आम्ल काढले. निळा एप्रन इथे आणला तर फाटकातच साहेबांना दिसेल. तेव्हा घरीच लिंबाच्या रसात बुडवा, आणि मामीला साबणापासून लांब ठेवा. दोघांनाही नमस्कार, रागावलेला का होईना.

निशिगंधा

आटगाव,
ता. ९ नोव्हेंबर

चि. निशिगंधास आशीर्वाद.

लोणच्यासाठी ठेवलेली चाळीस लिंबे तुझ्या शास्त्राला अर्पण झाली. मी पिळत होतो, पण माझे पिळणे मामीला पटेना. शेवटी मला उठवून स्वतः घमेल्यापाशी बसली. म्हणाली, मीठ टाका, एप्रन नाय तर लोणचं तरी होईल. आधी कडा हिरव्या झाल्या, मग खिसे, मग सगळाच. बुधू वायरमनने मीटर लावला, काटा हलला. मामीने मात्र काट्याकडे पाहिलेही नाही. आता वाळू दे म्हणाली. जीवनबरोबर पाठवतो. यश तुझे, लिंबे आमची.

राघोमामा

मुरबाड,
ता. १२ नोव्हेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

काल गिऱ्हाइकाने एप्रन पाहिला, मीटर पाहिला, आणि पहिलाच प्रश्न असा की कामगाराच्या बायकोने हा घरी सोड्यात धुतला तर? साहेब पांढरे पडले. मी कँटीनमधून लिंबे मागवली. त्यांच्यादेखत एक कोपरा सोड्याने निळा केला आणि लिंबाने हिरवा. आमच्याकडे हे घरी करून पाहिले आहे, असेही सांगितले. विभाग राहिला.

आता साहेबांना पुरावा हवा. जीवनबरोबर बारा एप्रन येत आहेत. मामीने प्रत्येक एप्रन वीस वेळा सोड्यात धुवायचा, दर वेळी तुम्ही लिंबे पिळायची. या वेळी लिंबांची गोणी कंपनीची. मामीला सांगा, शेवाळ समजूनच धुवायचे, हयगय नको.

तुम्हा दोघांची माया आहेच. ती सोड्यानेही उतरत नाही, एवढे मी पाहून ठेवले आहे.

निशिगंधा