उजवीकडून वाचायचं पुस्तक

७ नोव्हें., शुक्र.

...तीही शुक्रवारचीच सकाळ होती. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. मेथी निवडायची पडली होती, दूध गॅसवर. हे किचनच्या फरशीवर पेपर पसरून सुरमई साफ करत बसलेले. कराडहून निघाला तेव्हा अंडंही न खाणारा माणूस. मासे साफ करायला इथे सौदीत, अबकैकच्या खोलीत, बरोबर राहणाऱ्या यूसुफभाईंनी शिकवलं. फोन वाजला. ह्यांचे हात माशाचे, म्हणून मीच फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून यू.भाईंनी नुसतं ह्यांचं नाव घेतलं आणि हे हसले. विनोद वगैरे काही नव्हता. दूध उतू गेलं, मी करवादले, ह्यांनी गॅस पुसला. एवढीच सकाळ.

आज आठवली कारण यू.भाईंचा फोन आला. कफीलने, म्हणजे मालकाने, इकामा (राहायचा परवाना) पुढे वाढवायचा नाही असं ठरवलंय. मदिन्याच्या हॉटेलातली नोकरी संपली. "खलास, वैनी. आता चिपळून." विमान जेद्दाहून घेतलं असतं तर त्यांना सोपं पडलं असतं. दम्मामहून, आमच्या जवळून घेतलंय. २१ला खोबरला येतील. "तुमच्या हातचं जेवतो आनि जातो."

हे गेल्यापासून आलेले नाहीत. फोन मात्र प्रत्येक ईदला आणि दिवाळीला.

९ नोव्हें.

मिहिकाच्या खोलीत झाडताना गादीखाली पुस्तक सापडलं. खाकी कव्हर, त्यावर 'सायन्स'. आत चित्रं. दोन पुरुष, एक छत्र्या दुरुस्त करणारा, एक मास्तर. जपानमधलं समुद्रकाठचं गाव. इंग्रजी सोपं आहे, मला जमतं. (मी इंग्रजी शिकले ते दुधाच्या डब्यांवरून आणि मि.च्याच पाठ्यपुस्तकांवरून. सातवीनंतरची माझी शाळा खोबरच्या दुकानांच्या पाट्या.)

संध्याकाळपर्यंत वाचून काढलं. सुरुवातीला दोघं एका छत्रीखाली. मग लांब लांब. मग भांडण. मग नुसती ओळख. शेवटी मास्तर बॅग घेऊन स्टेशनावर एकटा. काही ठिकाणी उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, ते समजलं नाही. पण गोष्ट समजली. जवळ असलेली माणसं अशीच जातात.

जेवण गेलं नाही. सूनबाईला, रूपालीला म्हटलं, पित्त.

१० नोव्हें.

मि.ला पुस्तक परत केलं. आधी तिचा चेहरा पांढरा पडला. "आजी, पप्पांना सांगणार?" म्हटलं, नाही. पण बिचारा मास्तर गाव सोडून गेला, फार वाईट वाटलं.

"गेला? आजी, तो तर येतो."

मग पोट धरून हसली. ही पुस्तकं उजवीकडून उघडायची. चित्रंही उजवीकडून डावीकडे. "अरेबिकसारखं! इतकी वर्षं सौदीत राहून तू लेफ्टने वाचलंस?"

मी गोष्ट उलटी वाचली. तो स्टेशनावर उतरलेला असतो. छत्री शेवटी येते.

राग आला स्वतःचा. आणि काल उगाच रडले त्याचाही.

११ नोव्हें.

पुन्हा वाचलं, नीट. प्रेम आहे. दोघांत. मला वाटलं होतं दोस्ती.

मि.ला विचारलं, हे असलं तू का वाचतेस. ती म्हणाली, "यात कुणी मुलगी नाही ना, म्हणून बरं वाटतं. कुणी कुणाला 'बारीक हो' म्हणत नाही. 'नीट बस' म्हणत नाही. फक्त लव्ह." मग दुसरा भाग माझ्या उशाशी ठेवून गेली. सगळे मिळून सात आहेत, सातवा तिच्याकडे नाही. पुण्याच्या मावसबहिणीने एकेक करून दिलेत. शाळेत नेत नाही म्हणाली. नेऊ नकोसच म्हटलं, इथे नको ती भानगड.

ती गेल्यावर मला हसू आलं. 'फक्त लव्ह' म्हणे. मास्तर त्याला रोज सूप करून देतो, ते कोण बघणार.

१३ नोव्हें.

भाग ३, ४. छत्रीवाला मोरिता. मास्तर त्याला 'मोरिता-सान' म्हणतो. एका घरात, वरखाली राहतात, ताप आला तर डोक्यावर पट्ट्या ठेवतात, तरी सान.

"म्हणजे आपलं 'राव'?"

"हो. नाहीतर अहो-जाहो समज. सान काढून नुसतं नाव घेतलं ना, की झालं."

"एवढंच?"

"एवढंच काय, आजी! त्यासाठीच तर मी चार वॉल्यूम थांबले."

१४ नोव्हें., शुक्र.

पाचवा भाग सकाळीच संपवला. नको होता असं वाटतंय.

पाऊस, दुकान बंद. मोरिता म्हणतो, माझी आई गेल्यापासून मला नावाने हाक मारणारं कुणी नाही. पुढे सबंध पानभर नुसता पाऊस. मग मास्तर म्हणतो, 'केइची.' मोरिता हसतो. त्या सकाळी फोनवर हे हसले, तसाच.

ह्यांना प्लँटवर 'साब' म्हणत. सासूबाई 'बाळ' म्हणायच्या, त्या गेल्या. महेश 'बाबा'. मी 'अहो'. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, ते तरी बायकांनी ढकललं म्हणून. आता या वहीतही 'हे' लिहिते. या सबंध देशात ह्यांना नावाने हाक मारणारा एकच माणूस होता.

जेवताना मीच विषय काढला, यू.भाई येतायत, सुरमई आणायला हवी. महेश हसत म्हणाला, "आण, आण. बाबा तुझ्यापेक्षा त्यांच्याबरोबर जास्त वर्षं राहिलेत. खरा संसार त्यांचाच." रूपाली पण हसली. दरवेळचा विनोद आहे. हे असतानाही व्हायचा, तेही हसायचे.

मी भात वाढला. मि. माझ्याकडे बघत होती.

१६ नोव्हें.

काहीतरीच डोक्यात येतं. एका खोलीत दोन माणसं राहिली तर काय झालं. अर्धा अबकैक तसा राहायचा. पगार तेवढा, फॅमिली व्हिसा मिळेना. कुणी हौसेने राहिलं का.

कपाटं आवरली. आवरलेलीच होती.

१७ नोव्हें.

कोर्निशवर, समुद्राकाठी फिरायला गेले, अर्ध्यातून परत आले. बाकावर दोन बंगाली पोरं एका डब्यातून भात खात होती. बघत उभी राहिले. त्यांना वाटलं मला बसायला जागा हवी, उठली बिचारी.

फॅमिली व्हिसा मिळून आम्ही इथे आलो तेव्हा मी रडत होते, कराड सुटलं म्हणून. हे गप्प होते. मला वाटलं, माझ्या रडण्याला कंटाळलेत. त्याच आठवड्यात यू.भाई मदिन्याला गेले होते, नवी नोकरी धरून. आता वाटतं

नको.

ह्यांच्याकडून मला काही कमी पडलं असं नाही. कधी आवाज चढवला नाही. आजारपणात माझे पाय चेपलेत. मग हे काय चाललंय माझं? त्यांचं माझं जे होतं ते कुणी काढून नेलं का? नाही. पण मी पुन्हा पुन्हा कुलूप बघून यावं तसं करतेय.

१८ नोव्हें.

मि.ला सहज म्हणून विचारलं, या गोष्टीत दोघांपैकी कुणाची बायको असती तर?

"मग ती व्हिलन असते. नाहीतर मरते."

म्हटलं, शहाणीच आहेत तुझी पुस्तकं.

थोड्या वेळाने परत आली. "आजी, तू कुणाबद्दल विचारत होतीस?" पोरगी हुशार आहे. म्हटलं, छत्रीवाल्याबद्दल. "त्याला बायको नाहीये." म्हटलं, म्हणूनच विचारलं. ती माझ्याजवळ बसून राहिली, फोन न बघता.

१९ नोव्हें.

ठरवलं, यू.भाईंना विचारायचं. ते गेले की संपलं. चिपळूणला फोन करून असलं विचारता येणार नाही, घरात त्यांची बायको, सुना.

पण काय विचारू? वाक्यच होत नाही. 'तुमचं आणि ह्यांचं' इथेच अडतं. मराठीत याला शब्द कुठला लावायचा? जे शब्द मला माहीत आहेत ते सगळे शिव्या आहेत. पुस्तकात त्यांनी एकदाही शब्द वापरला नाही, नुसती नावं घेतली.

२० नोव्हें.

नाही विचारायचं.

सुरमई आणली. नारळ खवला.

२१ नोव्हें., शुक्र.

यू.भाई जुम्म्याची नमाज पढून आले. बारीक झालेत. दाढी पूर्ण पांढरी. मदिन्याच्या अजवा खजुराचा डबा आणला. आल्या आल्या ह्यांच्या फोटोकडे बघितलं नाही, तिरके बसले, फोटो पाठीमागे येईल असे.

जेवताना महेशशी प्लँटच्या गप्पा. मि.ला म्हणाले, "तू किती मोठी झालीस गो." तिने पटकन मराठीत उत्तर दिलं, एरवी पाहुण्यांना देत नाही. सुरमईचा तुकडा खाल्ला आणि थांबले. "वैनी, ह्यात तिरफळं कोनी सांगितली?" म्हटलं, ह्यांनीच शिकवलं मला. "हां," म्हणाले. "मीच त्याला सांगितलावतं." मग खाली मान घालून जेवले. दोनदा भात घेतला.

महेश गाडी पार्किंगमधून काढायला गेला, रूपाली फोनवर. यू.भाई ताट घेऊन किचनमध्ये आले. मी नको म्हणत असता स्वतः घासायला लागले. पाठ माझ्याकडे. तेव्हा तोंडून गेलं,

"यूसुफभाई, तुम्हाला ह्यांची आठवण येते का?"

काय तो प्रश्न. पण तेवढाच निघाला.

नळ चालू होता. घासता घासताच बोलले. "तो गेला तवा मी मदिन्याहून गाडी काढून आलो, तुमाला म्हाईत हाय." माहीत होतं. ह्यांना कराडला न्यायची पेटी तयार होईपर्यंत सगळं त्यांनीच केलं, मी कुठे शुद्धीत होते. "हास्पिटलात मी आत जाऊन त्याला बघू म्हटलं. तिथला मानूस विचारतो, तू कोन? भाऊ? नाय. धर्माचा? नाय. मंग कोन? मी म्हटलं, सदीक. दोस्त. तो हसला, वैनी. इथं टॅक्सीवाला सदीक, भाजीवाला सदीक, मला हाक मारनारा पन सदीक म्हनूनच मारतो. मला दुसरा शब्दच सुचला नाय. त्यानं आत सोडलं नाय."

"मग?"

"मंग काय. भायेर बसलो. पेटी गेली ती भायेरनंच बघितली."

ताट धुऊन झालं होतं, तरी धूतच होते. मी नळ बंद केला.

"तुमाला एक विचारू? नाय म्हनालाव तरी चालेल. त्याची राख जिथं सोडली, ती नदी मी बघितली नाय. तुमच्या गावी येऊन जाऊ काय? कोनाला काय सांगनार नाय. जाईन, बसेन, येईन."

मी म्हटलं, "तुम्ही..." आणि पुढे काही म्हटलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं मी काय विचारणार होते ते त्यांना कळलं. डोळे हलवले नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी, एवढं मला कळलं.

खालून महेशचा हॉर्न. "चला यूसुफकाका, यल्ला." रूपाली आली. मी खजुराचा डबा उगाच उघडला आणि बंद केला. त्यांना हो पण नाही, नाही पण नाही. जाताना दारात म्हणाले, "राग नका मानू."

मुक्काम दम्मामला कुणा गाववाल्याकडे. विमान उद्या.

२२ नोव्हें.

काही सुचत नाही. कराडचं घर बंद आहे. शेजारी काय म्हणतील, हा कोण दाढीवाला घाटावर बसलाय. दीर विचारतील. काय सांगू, रूममेट? रूममेटसाठी कुणी घाट ओलांडून येतं का?

आणि मी हो म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो? मी काय कबूल केलं असं होतं? कुणाच्या वतीने? ह्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नसेल म्हणून, की असेल म्हणून.

नदीवर अस्थी सोडल्या तेव्हा दहा माणसं काठावर होती. निम्म्यांना ह्यांचं वय माहीत नव्हतं.

मि.ने सहावा भाग आणून दिला. नको म्हटलं. "का? बोअर झालीस?" म्हटलं, नाही गं. तिथे काय होतं ते मला आत्ता कळायला नको.

संध्याकाळी वरून विमान गेलं. त्यांचंच असेल असं नाही, इथून दिवसभर जातात.

२४ नोव्हें.

यू.भाई शनिवारी गेले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी चिपळूणला फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. "झोपलेत," म्हणाल्या, "उठवू?" म्हटलं, उठवा. ते आले. सांगितलं, चिपळूणला कराडची एस.टी. मिळते, कुंभार्ली घाटाने येते, पुढच्या दाराशी बसा, घाट लागत नाही. स्टँडवर उतरलात की फोन करा, मी तिथे असेन. त्यांनी विचारलं, तुम्ही? म्हटलं, हो, मी. फोन ठेवून महेशला माझं तिकीट काढायला सांगितलं. एकाएकी कशाला, म्हणाला. म्हटलं, पाहुणे यायचेत.