दहा पावलांनंतर

नाना, आज मला दुसरेच एक पत्र लिहायचे होते. तो कागद टेबलावर कोरा पडला आहे, आणि मी तुमच्या गाडीच्या नाड्याविषयी लिहायला बसलो आहे.

गाडी जुंपून झाली की जू दांडीला बांधणारा तो जाड दोर तुम्ही नीट पाहत असा. मग बैल हाकायचे, आणि दहा पावलांवर गाडी थांबवून खाली उतरायचे. पुन्हा त्याच गाठीखाली हात. हुरड्यासाठी आलेल्या माझ्या दोन वर्गमित्रांना घेऊन आपण धुळ्याला निघालो होतो, तो दिवस मला पुष्कळदा आठवतो. दोघेही वकिलांचे मुलगे. तुम्ही गाडी थांबवता, उतरता. एक जण म्हणतो, "काय नाना, आलं का धुळं?" दुसरा म्हणतो, "थांब रे, नाना बैलांची परवानगी काढताहेत." तुमचा मुलगा म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखे होते. "आत्ताच तर बघितलंत. मीही बघितलं. पुरे करा आता," मी तुमच्याकडे न पाहता म्हणतो. गाठ चाचपतच तुम्ही विचारता, "देखं नको सांगू. हात लावा का?" पाहिल्याचे नको, हात लावलास का ते सांग, असे तुम्ही म्हणत होता; मी मित्रांकडे वळलो. पुढे वाटेत त्या दोघांना तुम्ही समजावून सांगितलेत की ओझे पहिल्या दहा पावलांत बसते, नाड्याला खरा ताण तेव्हाच येतो, आणि उभ्या गाडीत न दिसणारी ढील मग हाताला कळते. स्पष्टीकरण अचूक होते. भाषा मात्र घरची होती, आणि त्या वयात मला भाषेचीच लाज अधिक वाटे. तुम्ही गेलात तेव्हा मी मुंबईत वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. रडू आले नाही, याची मी नोंद घेतली, इतकेच.

त्यानंतर काही वर्षांनी जळगावच्या एका धर्मादाय मंडळाने चाकांवरचा दवाखाना बांधला आणि तो माझ्या हाती दिला. लाकडी डबा, आत औषधांची कपाटे, एक बाक. लॉरीच्या मागच्या आकड्यात डब्याची कडी बसवायची, वरून लोखंडी खीळ घालायची आणि ती धक्क्याने वर निसटू नये म्हणून खिळीच्या खालच्या टोकाला चाप लावायचा. मी चौदा कलमांची यादी स्वच्छ अक्षरात लिहून दारावर चिकटवली. प्रत्येक कलमापुढे खूण मी स्वतः करीत असे, कारण इतरांच्या दक्षतेवर माझा विश्वास नव्हता. ड्रायव्हर रावेरकडचा, वयाने माझ्याहून थोर, मितभाषी. एका सकाळी नशिराबादला निघताना लॉरी जरा पुढे घेऊन त्याने थांबवली. "डॉक्टरसाहेब, उतरून एकदा हात लावून येतो."

"यादी पूर्ण झालेली आहे," मी म्हणालो. "रोग्यांना ताटकळत ठेवायचं का? निघा."

तो निघाला. नशिराबादच्या अलीकडच्या उतारावर डबा सुटला आणि नाल्यात जाऊन आडवा झाला. बाटल्या सांभाळायला कंपाउंडर आत बसला होता. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. तो मीच कापला, आणि ती शस्त्रक्रिया निर्दोष झाली. चौकशीत मंडळींनी एकच गोष्ट विचारली, की खीळ कोणी तपासली. जोडणी हे ड्रायव्हरचे काम, असे मी लिहून दिले. वाक्य व्याकरणाने शुद्ध होते आणि खोटेही ठरवता आले नसते. ड्रायव्हरला काढून टाकले. मी त्याला खाली उतरू दिले नाही, हे त्याने कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तरी माझ्यापुढे त्याचे कोणी ऐकले नसते.

गेल्या महिन्यात रावेरला गेलो होतो. केळीच्या घडांनी भरलेली बैलगाडी दहा पावले चालून थांबली, आणि गाडीवान उतरला. तोच होता. पाठ वाकली आहे. "डॉक्टरसाहेब, बरं चाललंय ना?" त्याने विचारले. मी बरे आहे म्हणालो. त्याने नाड्याखाली हात घातला आणि गाडी हाकली. मला काही वाटले नाही. वाटायला हवे होते एवढे कळले.

आता मंडळ नवी गाडी घेत आहे. जुन्या ड्रायव्हरने अर्ज केला आहे, आणि त्याला पुन्हा घ्यावे की नाही, यावर त्यांनी माझे मत मागवले आहे. उत्तर उद्याच्या टपालाने जायला हवे. तो कागद कोरा आहे तो यासाठी. तुमचे पत्र मात्र एका बैठकीत, एकही खाडाखोड न होता लिहून झाले. हे कुठे धाडायचे नाही, म्हणून असेल.

त्या सकाळी खीळ मला कडीत बसलेली दिसली होती. चाप खालच्या बाजूला होता. तो लागला आहे का हे हाताने पाहायला वाकावे लागले असते, आणि मी इस्त्रीचे कपडे घातले होते. मी उभ्याउभ्याच खूण केली.

तुम्ही विचारले होतेत ना, हात लावा का?

नाही, नाना. नव्हता लावला.