दौलतराव मंत्र्याचा काळा कोट

हे लिहायचं मी सकाळपासून टाळून राहिलो. आधी म्हटलं शाई नाही, मग दवाखान्याच्या खिडकीतून क्रेन पाहत बसलो. तिनं एक तुळई उचलली अन् अर्ध्यावरच धरून ठेवली आहे, खालचा माणूस नुसता हात हलवतो आहे. असो.

मी, केवलराम मारोतराव कापगते, वय चोवीस, मूळचा साकोलीकडचा, कायमचा पत्ता कुठलाच नाही, सध्या भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या कॅम्पात. पोट सोडून माझं सगळं ठिकाणावर आहे, डोकंसुद्धा. कोणी हात धरून लिहवून घेत नाही. मी मेलो तर माझ्या वस्तूंचं खालीलप्रमाणे व्हावं.

कारण असं, की पोटात आतड्याचा तुकडा पिकला आहे. डॉक्टर म्हणतात आजच कापायला हवा, पण घरच्या माणसाची सही पाहिजे. खोलीसोबती भाऊराव शेजारी स्टुलावर बसला आहे, पण मित्राची सही चालत नाही म्हणे. गावी तार केली, उत्तर नाही. आमचे बाबा मला नाटक्या म्हणतात, मुलगा म्हणत नाहीत.

कलम पहिलं. घर नाही. खोलीतली माझी अर्धी जागा, पत्र्याची पेटी अन् कंदील भाऊरावाला. त्यानं घोरणं कमी करावं, ही अट.

"अट काढ," भाऊराव म्हणतो. "मरून राहिला अन् अटी घालून राहिला!"

अट राहील.

कलम दुसरं, रंगाचा डबा, सफेदा अन् मिशा. हे कॅम्पातल्या नाटक मंडळाला. आता इथं दोन पुढाऱ्यांबद्दल लिहिणं भाग आहे. आमच्या गणपतीच्या नाटकात एक दौलतराव मंत्री आहे, एक भिवाजी आमदार. दौलतराव मी करतो. काळा कोट घालून तो हात वर करतो, "तुमचं काम झालंच समजा!" म्हणतो, अन् अख्खा कॅम्प टाळ्या वाजवतो. पुढाऱ्यांत मला सगळ्यात नावडता तोच. आवडता भिवाजी. विधवा बाई त्याच्याकडं येते तेव्हा तो म्हणतो, "माझ्यानं काही व्हायचं नाही, पण मी तुझ्यासंगं चालतो." अन् कचेरीपर्यंत चालत जातो. बस, एवढंच. तेवढ्यात लोक बिडी प्यायला उठतात. भिवाजी करतो गुलाबराव, तोही जांभई देत. मी किती वेळा म्हटलं, बदलून घेऊ. "तुले कोण भिवाजी मानंन?" म्हणाला. गुलाबरावाला मिशीचा केसही देऊ नये.

कलम तिसरं. कोट.

यंदा नाटक संपलं अन् रुक्माबाई पडद्यामागं आली. इथल्याच कोहका गावाकडची म्हातारी, जमीन कारखान्यात गेलेली. मराठी अर्धीच समजते. माझ्या पायाशी वांगी ठेवून म्हणाली, साहेब, पोराला कारखान्यात लावा. मी मिशी काढून दाखवली. म्हटलं, माय, मी मंत्री नाही, यार्डात लोखंड मोजतो, ते नाटक होतं.

ती म्हणाली, "सब्बो मंत्री अइसनेच कहिथें, बेटा." सगळे मंत्री असंच म्हणतात!

भाऊराव हसून हसून पडला. पण ती रोज यायला लागली. काय करू? तिच्यासंगं गेटवर गेलो. पहारेवाल्यानं दोघांनाही हाकललं. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. परतताना ती जमिनीबद्दल बोलायची, मी हूं हूं करायचो. माझ्यानं काहीच झालं नाही. मग पोट दुखायला लागलं, तिला निरोपही दिला नाही.

तर कोट तिच्या पोराला. थंडी येते आहे. मंत्र्याची टोपी मात्र जाळावी. अन् भाऊरावानं तिला शेवटचं समजावून सांगावं, की मंत्री मेला नाही, मंत्री नव्हताच.

"मी नाही सांगत," भाऊराव म्हणतो. "तुयं तू सांग."

कलम चौथं, बाबा. त्यांना काही ठेवत नाही. तार पोचली असेल तर रागावू नये. नसेल पोचली तर मीही रागावत नाही.

दुखणं आता उजवीकडं उतरलं आहे. डॉक्टर दोनदा डोकावून गेले, तार आली का विचारून.

लिहून देणार : केवलराम मारोतराव कापगते
साक्षीदार : १. भाऊराव, क्रेनवरचा खलाशी (मदतनीस)
२.
मुक्काम भिलाई, ता. १४ ऑक्टोबर १९५८

दुसरी साक्ष कंपाउंडरची घ्यायची होती, पण तो दारात कोणाशी तरी भांडून राहिला. भाऊराव मान लांबवून पाहतो आहे. वांग्यांची टोपली आधी दिसली. रुक्माबाई आहे! कॅम्पात विचारत विचारत आली. कंपाउंडर ओरडतो, कौन लगती हो इसकी? ती त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडते, "दाई अंव! एखर दाई अंव!"

म्हणजे आई.

भाऊराव म्हणतो, दुसरी साक्ष तिचीच घे. थांबावं लागेल. तिचा अंगठा आधी डॉक्टरांच्या कागदावर लागून राहिला आहे.