टाकीतलं कोमट पाणी

३ मार्च, सोमवार
आजपासून मी मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ! दारावर तशी पाटीसुद्धा लागली. मुळांच्या रोगांवर डोळे फोडून पीएचडी केली, मग नऊ वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत राबले, त्याचं चीज झालं. आईला अजून पटत नाही. माती नाही, ऊन नाही, मग शेत कसलं, म्हणते. खरंच, बिनखिडक्यांचं गोदाम आहे नुसतं. सात मजली मांडण्या, जांभळे दिवे आणि पन्हळींतून अखंड फिरणारं खताचं पाणी. त्यात लेट्यूसची मुळं लोंबतात, नुकत्याच न्हालेल्या केसांसारखी. पीक अठरा दिवसांत तयार! मी शिकले होते पस्तीस. मालकीणबाईंना इथं सगळे मॅडम म्हणतात. त्या हसून म्हणाल्या, तुमची पुस्तकं जुनी झाली. निघताना पानांचा एक खोका हातात दिला. आईनं पानं नुसतीच खाल्ली, मिटक्या मारत.

७ मार्च, शुक्रवार
रोज प्रत्येक मांडणीतलं एक पान चावून बघणं हेही माझंच काम. चव गोड, किंचित खारट. आईला तर चटकच लागलीय, खोका दोन दिवस पुरत नाही.
आज खताच्या पाण्याच्या मोठ्या टाकीचं झाकण उघडलं. आठवडाभर न घासलेल्या तोंडाचा वास. भिंतींना आतून बोटभर जाडीचा गुलाबी, बुळबुळीत थर. खरवडला तर शेंबडासारखी तार आली, लांबतच गेली, तुटेचना. पाणी वीस अंशांवर हवं, ते होतं सदतीसवर. पंप सांभाळणारे काका म्हणाले, "थंड करायचं यंत्र ठणठणीत आहे हो, पाणीच ऐकत नाही." नव्या माणसाची फिरकी घेतात, झालं.

११ मार्च, मंगळवार
थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बुरशी नाही, शेवाळ नाही. शाळेत पहिल्यांदा गालाच्या आतून काडीनं खरवडून जे बघतो ना, तेच. माणसाच्या गालाच्या पेशी. असंख्य, आणि जिवंत. तीनदा नमुना घेतला, तीनदा तेच. साबणानं हात लाल होईस्तोवर धुतले.
दुपारी काकांनी पंपाच्या जाळीत अडकलेले खडे दाखवले, डबीभर साठवलेत. मी एक उलटा केला. दाढ होती. मुळासकट.
तशीच मॅडमकडे गेले. त्या खुर्चीत रेलूनच ऐकत होत्या. म्हणाल्या, उद्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पहिला माल जायचाय, कागदावर सही तुमचीच लागते. तुमच्या आधीच्या बाईही अशाच खुसपटं काढायच्या, आता घरी बसल्यात. मी विचारलं, तुम्ही खाता का ही पानं? त्यांना कच्चा पाला सोसत नाही म्हणे.
नऊ वर्षं डोळ्यांपुढे आली आणि मी सही केली. आजारी माणसांच्या ताटासाठी. शी! माझीच मला किळस येतेय.

१३ मार्च, गुरुवार
आई सकाळपासून बोलत नाही. हिरड्या सुजल्या असतील म्हणून आ करायला लावलं. टाकीचाच वास. जिभेखाली पांढरे केस. केस नव्हेत, मुळं. चिमट्यानं एक ओढलं — येतच राहिलं, हातभर, कोमट, थुंकीनं माखलेलं — शेवटी दात. आई ओरडली नाही. त्याच भोकातून लगेच दुसरं —
मोरीत ओकले. पानं जशीच्या तशी बाहेर पडली. हिरवीगार. टवटवीत.

१४ मार्च, सकाळ
डॉक्टरकडे न्यायला गाडी आणली. आई दाराची चौकट सोडेना. गाडी परत पाठवली.
रुग्णालयाला फोन लावला. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी उचलला. सांगायला तोंड उघडलं — जीभ हलेना. खालून कुणी धरून ठेवलीय. त्या हॅलो हॅलो करत राहिल्या. मग कागदावरचा माझा नंबर ओळखून म्हणाल्या, पानं फार आवडली सगळ्यांना, आणखी पाठवा.
लिहून देते. स्वतः जाऊन. आत्ताच —

दुपार
गेले नाही. तोंड कोरडं पडलंय. नळाचं पाणी घशाखाली उतरत नाही — नुसतं बेचव —
पंपवाले काका आले. टाकीतल्या पाण्याचा कॅन ठेवला. एक शब्द नाही, खुणा फक्त. ओठांच्या कोपऱ्यातून पांढरं काहीतरी — त्यांनी हातानं आत सारलं.
आईनं झाकण काढलं. तो वास. वर गुलाबी साय. दोन्ही हातांनी पितेय, हनुवटीवरून तार लोंबतेय. आता कॅन माझ्यापुढे —
किळस यायला हवी. थांबलेय. यायलाच हवी मला —
नाही येत. तहान लाग