तुला दाखवलेला राजवाडा

आई, काल मी तुला माइन नदीकाठचा एक राजवाडा दाखवला. म्हणजे बाबांना फोनवर तसं सांगितलं.

राजवाडा कसला, नुसता डोलारा उरलाय. बरोक म्हणतात तसला, जिकडेतिकडे सोनेरी वेलबुट्टी आणि छतावर ढगांत लोळणाऱ्या गुबगुबीत देवता. तुला हसू आवरलं नसतं. पण नदीची ओल पार वरपर्यंत चढलीये, गिलावा सुटतोय, म्हणून छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळी बांधलीये. गाइडबाई म्हणाल्या, "दुरुस्ती कधी सुरू होईल, देव जाणे. तोवर पडेल ते झेलायचं." जाळीत एका देवतेची बोटं पडलेली होती. माझी लेक, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच येतं, मान वर करून बघत राहिली. तेवढ्यात बाबांचा फोन.

"तुझी आई कुठाय गं? सकाळपासून दिसली नाही."

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हल्ली रोज हेच विचारतात. दादा खरं सांगून टाकतो. मग ते ओक्साबोक्शी रडतात, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे, आणि संध्याकाळी पुन्हा विचारतात. मी इथे जर्मनीत बसून काय करू, तूच सांग! त्या गाइडबाईंकडे निदान जाळी तरी आहे.

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी कॉलेजात आहे. बाहेर बाबा पाहुण्यांना बदलीच्या गावी आडव्या आलेल्या वाघाची गोष्ट रंगवून सांगतायत, आणि मी मध्येच म्हणते, "बाबा, तो वाघ नव्हताच, तरस होतं." तू पोह्यांच्या निमित्तानं मला आत बोलावतेस आणि हातातलं उलथनं माझ्यावर रोखतेस. "चारचौघांत त्यांना परत खोटं पाडलंस तर बघ! असू दे की वाघ. तुझं काय जातंय?"

म्हणून काल म्हटलं, "बाबा, आई माझ्याकडे आलीये. राजवाडा बघतोय आम्ही."

काय खूश झाले म्हणून सांगू! "वा वा! पण गुडघे दुखतात तिचे, फार चालवू नकोस हं." आणि मग म्हणाले, "दे बघू तिला फोन."

आवाज येत नाहीये, असं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. हे पत्र तरी कुठे टाकणार, राहू दे माझ्यापाशीच. पण एक सांगते तुला. त्यांनी "दे बघू" म्हटलं ना, तेव्हा मी फोन पुढे धरून खरंच मागे वळले होते.